फुलांचे ओठ, किड्यांचे ओठ

माझी सगळी नोकरी साताऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात सरली. वनस्पतींचा तास वेगळा, प्राण्यांचा वेगळा, वह्याही वेगळ्या, आणि बहुतेक ठिकाणी शिक्षकही दोन. आमच्याकडे कायम एक जागा रिकामी असायची, म्हणून मला दोन्ही शिकवावं लागलं. त्या रिकाम्या जागेने माझं भलंच केलं. सकाळच्या तासाला अडुळशाच्या फुलाचा ओठ आणि दुपारच्या प्रात्यक्षिकाला झुरळाचा ओठ, अशी रोज उडी मारावी लागली की प्रश्न पडतोच: दोन्हीकडे आपण ज्याला ओठ म्हणतो ते आहे तरी काय? पुढे गोठे, तळी, पठारं आणि लोकांच्या बागा हिंडताना हाच प्रश्न बरोबर होता. त्यातून जे कळलं ते क्रमांक घालून लिहिते आहे. क्रमांक केवळ सोयीचे. मधूनच वाचायला घेतलं तरी बिघडत नाही.

1. सुरुवात झुरळापासून करावी.

किळस येते, मान्य. पण किड्यांचं तोंड समजायला झुरळाइतका सोपा प्राणी नाही, कारण त्याच्या तोंडातले सगळे भाग अजून सुटे आणि आपापल्या जागी आहेत. वरून एक पट्टी लोंबते, तो वरचा ओठ, लेब्रम. तिच्या आड दोन जबडे. ते आपल्यासारखे वर-खाली न चालता आडवे चालतात. त्यामागे मॅक्सिला नावाची जोडी, आणि सर्वांत खाली लेबियम, म्हणजे खालचा ओठ. हा खालचा ओठ सुटा करून भिंगाखाली धरला की त्याच्या टोकाला मधोमध फट दिसते आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन पेरांच्या छोट्या दांड्या. एकच ओठ असेल तर फट कशाला? कारण तो मुळात एक नाहीच. अंड्यातल्या पिल्लात तिथे दोन वेगळे अवयव उगवतात, पायांच्याच जातकुळीतले, आणि वाढता वाढता मध्ये जुळून जातात. झुरळ ज्याला खालचा ओठ म्हणून वापरतं ती एक जुळलेली जोडी आहे.

झ्यूल-सेझार साविन्यी या फ्रेंच संशोधकाने 1816 साली दाखवून दिलं की फुलपाखराची सोंड, ढेकणाची सुई आणि झुरळाचे जबडे हे सगळे त्याच मोजक्या भागांचे अवतार आहेत. हा नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेलेला माणूस. इतकं बारीक बघण्यात आयुष्य घालवलं आणि पुढे डोळ्यांच्या विकारामुळे त्याला अंधारात दिवस काढावे लागले.

आता महाविद्यालयांतली विच्छेदनं बंद झाली, ते योग्यच झालं. स्वयंपाकघरात आपोआप मेलेलं झुरळ मात्र आजही उपलब्ध असतं. दोन सुया, एक भिंग आणि पाण्याचा थेंब एवढ्यावर काम भागतं.

2. ओठ दिसला की तो कशाचा केलाय ते विचारावं.

हा माझ्या मते सगळ्यांत कामाचा धडा, म्हणून इथे जरा थांबते.

सोनटक्क्याचं फूल घ्या. मोठं, पांढरं, खालच्या बाजूला रुंद आणि टोकाशी मध्ये खाच असलेला एक ओठ, वर दोन पंख. मुलांना विचारलं, पाकळ्या किती? की वर्ग एका आवाजात म्हणणार, तीन! मग मी फूल उलटं धरायला सांगायची. मागच्या बाजूला तीन अरुंद, लांबट, फिकट पट्ट्या मागे वळलेल्या दिसतात. खऱ्या पाकळ्या त्या. समोरचं सगळं वैभव पुंकेसरांचं आहे, ज्यांनी पराग करणं सोडून दिलं. सहापैकी एकच पुंकेसर खरं काम करतो; बाकीच्यांपैकी दोन जुळून तो रुंद ओठ झाला आणि दोन बाजूंचे पंख झाले. कर्दळीतही हाच प्रकार, तिच्या लाल-पिवळ्या 'पाकळ्या' या मुख्यतः वांझ पुंकेसरच. माळीबुवांना हे सांगितलं तर ते आपल्याकडे संशयाने बघतात.

आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या फुलात ओठ ही खरोखरीची पाकळी असते, तिघींतली एक, बाकी दोघींपेक्षा वेगळी वाढलेली. तुळस, तुंबा, अडुळसा यांत पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून नळी होते आणि नळीचं तोंड वर-खाली दोन ओठांत फाटतं. आणि तेरड्यात? गौरीच्या दिवसांत घराघरात येणाऱ्या या फुलाला मागे जी नळीसारखी शेपटी असते ती ज्या भागातून निघते, त्याला जुन्या वनस्पतिग्रंथांत ओठ म्हटलंय. तो आहे निदल, म्हणजे कळी झाकणाऱ्या हिरव्या पानांच्या भावकीतला. तेरड्याचा रंग तीन दिवस टिकतो हे सगळ्यांना ठाऊक. त्या रंगातला एक भाग पाकळीचा नाही हे सहसा कुणी बघत नाही.

म्हणजे चार घरचे चार ओठ: पुंकेसराचा, पाकळीचा, जुळलेल्या पाकळ्यांचा, निदलाचा. यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. साम्य आहे ते नेमणुकीचं. पाहुण्याला खुणावणं, टेकायला जागा देणं, त्याने कुठल्या बाजूने आत शिरावं ते ठरवणं ही कामं कुणीतरी करायला हवीत, आणि ज्या कुळाला जो अवयव हाताशी मिळाला त्याने ती केली. हे एकदा पटलं की पाठ्यपुस्तकातली नावं दिलेली आकृती अपुरी वाटायला लागते. ती भाग दाखवते, त्याचा इतिहास दाखवत नाही.

3. देठ पाहिल्याशिवाय फुलाची वरची आणि खालची बाजू ठरवू नये.

आषाढात पठारांवर जमिनीवर वाढणाऱ्या पांढऱ्या आमऱ्या फुलतात. त्यातली एखादी वाकून बघा. फुलामागचा जो भाग देठ वाटतो तो खरं तर बीजकोश, आणि तो पिळलेल्या वातीसारखा वळलेला असतो. कळीत आमरीचा ओठ वरच्या बाजूला असतो. उमलण्याआधी सगळं फूल अर्धा वेढा फिरतं आणि ओठ खाली येतो, कारण किड्याला टेकायला जागा खालीच हवी. डार्विनने 1862 साली आमऱ्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. युरोपातल्या दलदलीतली एक बारीकशी आमरी पूर्ण वेढा फिरून ओठ पुन्हा वर नेते, हेही त्याने टिपलं आहे. निसर्गाला सरळ मार्ग सुचत नाही असं नाही. जे आधीपासून होतं तेच फिरवून वापरायची त्याला सवय आहे.

आमरी शोधायला डोंगरावर जाणं जमणार नसेल तर कुंपणावरची गोकर्ण बघा. वाटाण्याच्या कुळातल्या फुलांत मोठी पाकळी वर उभी असते. गोकर्णीत फूल उलटं झालं आहे, मोठी निळी पाकळी खाली पसरली आहे आणि पुंकेसर वरून खाली वाकले आहेत. मधमाशी त्या निळ्या पाकळीवर टेकते आणि पराग तिच्या पाठीला लागतो. गोकर्णीच्या वर्णनात कुणी ओठ लिहीत नाही, काम मात्र ओठाचंच चाललेलं असतं.

4. ओठावरच्या रेघा वाचाव्यात.

अडुळशाच्या पांढऱ्या फुलाच्या खालच्या ओठावर जांभळट रेघा असतात, सगळ्या घशाकडे जाणाऱ्या. लहानपणी हे फूल उपटून त्याचं बूड चोखलेलं असेल तर रेघा कुठे नेतात ते तुमच्या जिभेला माहीत आहे. जर्मनीतल्या क्रिस्टियन कोनराड श्प्रेंगेल याने 1793 साली लिहून ठेवलं की अशा खुणा किड्यांना मध दाखवण्यासाठी असतात. हा एका शाळेचा मुख्याध्यापक. फुलांमागे इतका लागला की शाळेकडे दुर्लक्ष होतं म्हणून वरिष्ठांशी खटके उडत राहिले. मला त्याच्याबद्दल, आणि त्याच्या वरिष्ठांबद्दलही, सहानुभूती आहे.

5. एखादं फूल ओठ हरवून बसलेलं मिळालं तर ते फेकू नये.

थंडीत रोपवाटिकांमध्ये डॉगफ्लॉवर म्हणून जे विकतात त्याचे दोन्ही ओठ मिटलेले असतात. जड माशीच ते उघडून आत जाऊ शकते. मुलांना ते दाबून तोंड उघडायला आवडतं, आणि तो खेळ मी वर्गातही करू द्यायची. याच्या नात्यातल्या लिनारिया नावाच्या झाडाचं एक विचित्र रोप 1742 साली स्वीडनमधल्या एका विद्यार्थ्याला सापडलं. त्याच्या फुलांना ओठच नव्हते, चारी बाजूंनी सारखी नळी. लिनियसने 1744 साली त्याला 'पेलोरिया' म्हटलं, म्हणजे राक्षस. अडीचशे वर्षांनी, 1999 मध्ये कळलं की त्या झाडात फुलाची वर-खाली बाजू ठरवणारा जनुक जसाच्या तसा शाबूत आहे, फक्त त्याच्यावर रासायनिक मोहर बसून तो गप्प झाला आहे. तो गप्प झाला आणि फुलाला वर-खाली उरलं नाही.

6. गोठ्यात उभं राहून माश्या बघाव्यात.

एका ओळखीच्या गोठ्यात म्हैस सारखी पाय आपटत होती. मी म्हटलं, माश्या फार झाल्यात. मालक म्हणाले, "बाई, ह्या साध्या माश्या न्हाईत. ह्या चावत्यात." घरमाशी चावत नाही हे मी वर्गात नेहमी सांगायची. म्हशीच्या पायावर तर हुबेहूब घरमाश्याच दिसत होत्या. जवळून पाहिलं तेव्हा फरक दिसला: या माश्यांच्या डोक्यापुढे एक काळी, ताठ, बारीक सोंड सरळ पुढे आलेली. घरमाशीची सोंड बसलेली असताना डोक्याखाली दुमडलेली असते, ती दिसतच नाही.

दोघी एकाच कुळातल्या, आणि दोघींची सोंड मुख्यतः खालच्या ओठाचीच. घरमाशीत त्या ओठाच्या टोकाला दोन मऊ पसरट पाळ्या असतात. त्यांना लेबेलम म्हणतात, आमरीच्या ओठालाही शास्त्रात हेच नाव आहे. पाळ्यांवर बारीक खोबणी असतात, त्यांतून पातळ पदार्थ वर ओढला जातो. घन पदार्थ तिला खाताच येत नाही. साखरेच्या दाण्यावर आधी लाळ सोडायची, तो विरघळवायचा आणि मग ओढायचा. गोठ्यातल्या चावऱ्या माशीत तोच ओठ कडक झाला, टोकाला बारीक दात आले, आणि तो थेट कातडीत घुसतो. नर-मादी दोघंही रक्त पितात.

घरी करून बघण्यासारखं: काचेच्या पट्टीवर साखरेच्या पाकाचा पातळ थर द्या, पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा आणि माशी बसली की खालून भिंगाने पाहा. सोंड खाली उतरते, पाळ्या काचेवर पसरतात, त्यांवरच्या रेघा स्पष्ट दिसतात. ती टेकते, उचलते, पुन्हा टेकते. उघड्यावरच्या मिठाईवर ती हेच करते, आणि त्याआधी ती कुठे बसली होती ते तुम्हाला माहीत नसतं. अन्न झाकून ठेवा हे मी आयुष्यभर सांगितलं, पण काचेखालून पाहिलेल्या मुलांना ते सांगावं लागलं नाही.

7. डासाला थोडा वेळ रक्त पिऊ द्यावं.

एकदाच, आणि डेंग्यू-मलेरियाचे दिवस नसतील तेव्हा. ते धाडस नको असेल तर चांगला व्हिडिओ बघा. डासाच्या मादीची जी जाड सोंड आपल्याला दिसते तो खालचा ओठ, आणि तो कातडीत शिरतच नाही. तो फक्त वेष्टन. आतल्या सहा बारीक शलाका खाली जातात तसा हा ओठ मागे वाकतो, कोपर दुमडल्यासारखा कोन होतो आणि तो बाहेरच राहतो. त्या सहांपैकी एक वरचा ओठ. रक्त याच्याच पन्हळीतून वर चढतं. दुसऱ्या एका शलाकेतून लाळ खाली येते. खाज त्या लाळेची, आणि मलेरियाचे जंतूही त्याच वाटेने येतात. ढेकूण आणि मावा यांच्यातही सुया झाकायचं काम खालच्या ओठाचंच आहे.

8. तळ्याकाठी कात गोळा करावी.

पाऊस ओसरला की गावतळ्याच्या काठच्या लव्हाळ्यांवर, दगडांवर चतुरांच्या काती चिकटलेल्या सापडतात. पाठीवर फाटलेल्या, आत पोकळ, तपकिरी. चतुर उडून गेलेला असतो, कोट मागे राहतो. या कातीत मला सगळ्यांत आवडणारा ओठ आहे.

चतुराचं पिल्लू पाण्यात राहतं आणि शिकार करतं: डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं, जमलं तर छोटे मासे. त्याचा खालचा ओठ अफाट लांब, मध्ये सांधा असलेला, घडी करून डोक्याखाली आणि छातीखाली ठेवलेला. टोकाला दोन आकडे. भक्ष्य टप्प्यात आलं की घडी उलगडते, आकडे मिटतात आणि ओठ भक्ष्यासह तोंडाशी परत येतो. सगळं सेकंदाच्या काही शतांश भागात. डोळ्यांनी बघायला गेलात तर काहीच दिसत नाही. मघाशी अळी तिथे होती, आता नाही, एवढंच.

ही झेप शरीरातल्या पाण्याच्या दाबाने होते असं बराच काळ मानलं जाई. 2021 मध्ये जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की सांध्यांत आधी ताण साठवला जातो आणि मग एकदम सोडला जातो, दोन सांध्यांत दोन वेगळे ताण, म्हणून नेमही साधता येतो.

आता कातीकडे. ती कोरडी असताना ओठ ओढलात तर तुटेल. कोमट पाण्यात काही वेळ भिजू द्या. मऊ झाली की पाठीवर उताणी करा आणि सुईचं टोक ओठाच्या कडेखाली घालून अलगद उचला. आधी काहीच हलत नाही, मग अचानक सांधा सुटतो आणि घडी उलगडत जाते, डोक्याच्या कितीतरी पुढे. वर्गातली दंगेखोर मुलं या क्षणी हमखास गप्प होत. आतल्या बाजूला केसांच्या रांगा असतात. त्यांची संख्या आणि ठेवण पाहून जाणकार चतुराची जात ओळखतात. जिवंत पिल्लाला हात लावायची गरज पडत नाही. तळं बुजवून त्यावर सभामंडप बांधायचा विचार गावात चालू असेल, तर डास कोण खातं हे दाखवायला एक कात खिशात असू द्यावी.

9. पैठणी कुठून आली हे बाळाला सांगताना 'किड्याच्या तोंडातून' म्हणावं, 'पोटातून' म्हणू नये.

रेशमाचा धागा अळीच्या खालच्या ओठावरच्या एका बारीक टोकातून बाहेर येतो. तो करणाऱ्या ग्रंथी म्हणजे तिच्या बदललेल्या लाळग्रंथी. मराठवाड्यात तुतीचे मळे वाढले, जालन्याला कोषांची बाजारपेठ झाली, त्यामुळे हे बघणं आता अवघड राहिलं नाही. चॉकीतून, म्हणजे बाळअळ्यांच्या संगोपनातून, मोठ्या झालेल्या अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, चढवल्या की त्या डोकं सारखं इंग्रजी आठच्या आकड्यात हलवत राहतात. धागा ढकलला जात नाही, ओढला जातो: टोक आधी कुठेतरी चिकटवायचं आणि डोकं मागे न्यायचं. एका कोषातला धागा सलग हजार मीटरच्या घरात जातो. गडचिरोली-भंडाऱ्याकडचा टसरचा किडा ऐनाच्या झाडावर राहून हेच करतो. कोषातून निघालेला पतंग मात्र काही खातच नाही. त्याची तोंडाची यंत्रणा जवळजवळ संपलेली असते. सगळी मिळकत अळीपणी, आणि तीही एका ओठावर.

10. व्हॅनिलाचा ओठ फाडायला शिकावं.

सिंधुदुर्गातल्या एका पोफळीच्या बागेतल्या वहिनींनी मला हे शिकवलं. व्हॅनिला ही आमरीच. तिचा फिकट पिवळट ओठ मधल्या खांबाभोवती गुंडाळलेला असतो, आत पराग वर आणि स्त्रीकेसराची चिकट जागा खाली, दोघांमध्ये एक पातळ पडदा. मूळ मेक्सिकोतल्या माश्या आपल्याकडे नाहीत, तेव्हा पडदा माणसाने उचलायचा. फूल डाव्या हातात धरायचं, बांबूच्या बारीक काडीने ओठ एका बाजूने चिरायचा, काडीच्या टोकाने पडदा वर करायचा आणि अंगठ्याने पराग खाली दाबायचा. पराग चिकटला की अंगठ्याला कळतं, हे वहिनींचं म्हणणं. पहाटेनंतर उमललेलं फूल दुपारी कोमेजतं, म्हणून सगळं सकाळीच. मी एका फुलापाशी फार रेंगाळले तेव्हा त्या म्हणाल्या, "फूल दुपारी मिटता. मगे रडान काय फायदो?"

ही युक्ती 1841 साली रियुनियन बेटावर एडमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. तिच्यावर जगभरचा व्हॅनिलाचा धंदा उभा राहिला. 1848 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा तो मोकळा झाला, आणि 1880 साली गरिबीत वारला. आइस्क्रीमच्या डब्यावर त्याचं नाव असावं असं मला फार वाटतं.

11. ओठ फसवतोही, हे मनात असू द्यावं.

भूमध्य समुद्राकाठच्या काही आमऱ्यांचा ओठ मादी माशीसारखा केसाळ, चमकदार आणि तिच्याच वासाचा असतो. नर येतो, ओठाशी झटतो, पराग घेऊन जातो, पदरात काही पडत नाही. अल्जीरियातली निरीक्षणं 1916 मध्ये छापली गेली. ऑस्ट्रेलियात हेच 1927 साली ईडिथ कोलमन या शिक्षिकेने स्वतंत्रपणे दाखवलं, आणि तेही घरातल्या मुलीच्या निरीक्षणावरून. आपल्याकडे या जाती नाहीत, म्हणून जास्त लिहीत नाही.

12. कासला ओठ बघायला जाल तर वाटेवरूनच बघावेत.

सीतेची आसवं हे फूल इतकं लहान की लोकांना फक्त जांभळा गालिचा दिसतो. एकच फूल बघा: वरचा ओठ छोटा, खालचा रुंद आणि घशाशी फुगीर. जमिनीखाली, ओल्या चिखलात याच झाडाचे सूक्ष्म फुगे असतात. पाण्यातला बारीक जीव दाराच्या केसाला लागला की दार आत उघडतं आणि तो मिलिसेकंदाच्या आत ओढला जातो. वर पाहुणचार, खाली शिकार. पण त्यासाठी वाट सोडून आत शिरलात तर पावलाखाली हे सगळं चिखलात जातं. दुर्बीण उलटी धरली की भिंग होते, ती वाटेच्या कडेच्या फुलाजवळ न्या, तेवढं पुरतं. फोटोसाठी फुलांत बसणाऱ्या माणसांना मी आजही टोकते, आणि ते माझ्यावर रागावतात.

13. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नयेत.

तुळशीचं फूल तीन-चार मिलिमीटरचं, म्हणून भिंग हवंच. वरच्या ओठाला चार पाळ्या, खालचा एकच, अखंड. चार पुंकेसर खालच्या ओठावर पहुडलेले. माशी टेकली की पराग तिच्या पोटाला लागतो. आता शेताच्या बांधावरचा तुंबा आणा. तिथे उलट: वरचा ओठ केसाळ टोपी होऊन पुंकेसर झाकतो, खालचा रुंद ओठ टेकायला, आणि पराग माशीच्या डोक्याला-पाठीला. एकच सातेरी मधमाशी सकाळी दोन्ही झाडांवर फिरली तरी एकाचा माल पोटावर आणि दुसऱ्याचा पाठीवर राहतो. माशी मध ओढते ती जिभेने, जी तिच्या खालच्या ओठाचाच भाग आहे, साधारण पाच मिलिमीटरची. तुळशीत मध खोल नाही, म्हणून इवल्याशा फुलोरी माश्याही तिथे सहज पोट भरतात.

रोप डेरेदार व्हावं म्हणून आपण मंजिऱ्या खुडतो, मीही खुडते. देवाला वाहायच्या असतील तर त्याही घ्याव्यात. पण फ्लॅटच्या गॅलऱ्यांत आणि सिमेंटच्या अंगणांत या माश्यांना दुसरं फारसं काही उरलेलं नाही. तेव्हा एवढंच सांगणं आहे: निम्म्या मंजिऱ्या झाडावर राहू द्या, आणि फुलं येतील त्या दिवसांत कुंडीवर कीटकनाशक मारू नका.